बाहेरून किती तापतो?

काका कुठल्याही वस्तूला आधी डाव्या हाताची उलटी बाजू लावायचे. चहाची किटली, मशीनचं झाकण, उन्हात उभ्या असलेल्या माझ्या गाडीची सीट. लहान मुलाला ताप आहे का ते बघावं तसा हात ठेवायचे, जरा थांबायचे आणि म्हणायचे, "बाहेरून ठीक आहे." अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यांच्यासोबत कुठे जायचं असेल तर अर्धा तास आधी निघावं.

ईस्ट टामाकीतली आमची कंपनी आइस्क्रीमचे आणि दह्याचे प्लास्टिकचे डबे बनवायची. काका टूलरूममध्ये फिटर, मी क्वालिटीत. ते मूळचे डोंबिवलीचे, साठीला टेकलेले. मी पुण्याची, तोंडाने फटकळ. मी रोज न्यू लिनहून निघायचे आणि वाटेत सँडरिंगहॅमला त्यांना गाडीत घ्यायचे. मी चाळिशीची झाले तरी ते मला "पोरी" म्हणायचे, आणि मी त्यांना काका.

सकाळी दहाला चहाची सुट्टी व्हायची. इथे तिला स्मोको म्हणतात. सगळे बिस्किटांवर तुटून पडायचे आणि काका कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावायचे. दोन वाक्यांचा फोन. "हात बघितलेस? दोन्ही? मागूनपण?" तिकडून हो आलं की मग चहाचा कप उचलायचे. दोन-तीन आठवडे मी ऐकून घेतलं, मग गाडीत सरळ विचारलंच.

काकूंचा कॅन्सर बरा झाला होता. औषधांनी आजार गेला, पण बोटांतली जाणीवही गेली. गरम, गार, टोचलेलं, भाजलेलं, काही म्हणजे काही कळत नव्हतं. परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. एकदा तव्याच्या कडेला बोट टेकलं, ते काकूंना वासावरून कळलं. हे सांगताना काका समोरच्या ट्रककडे बघत होते. भाड्याच्या घरातली विजेची शेगडी, काळ्या वेटोळ्यांची. ती बंद आहे की तापलेली, बघून कळत नाही. आणि काका सकाळी सहा ते दुपारी अडीच कामावर. मुलगा वेलिंग्टनला. घरात काकू एकट्या.

"मग डबा लावा," मी म्हटलं.

"म्हटलं मी. ती म्हणाली, मरता मरता उठले ती डब्याची वाट बघायला नव्हे."

तेव्हा मी जे बोलले त्याचा मला पुढे बरेच दिवस पश्चात्ताप झाला. म्हटलं, "इलेक्ट्रिक ग्रिल घ्या ना एखादा. त्यावर थालिपीठ होतं, वांगं भाजतं, पनीर होतं. शेगडीला हात लावायलाच नको." मी स्वतःचा पाच मिनिटांत घेतला होता, रंग बघून.

पुढचे आठ शनिवार माझे त्या ग्रिलने खाल्ले.

न्यू लिनच्या दुकानांत सगळे प्रकार मांडलेले असायचे. वरून झाकण दाबायचा, तव्यासारखा उघडा, काचेच्या झाकणाचा, धूर होऊ नये म्हणून खाली पाण्याचा ट्रे असलेला, आणि एक स्वतःच दिवे लावून सांगणारा, झालं म्हणून. विक्रेता पोरगा उत्साहात सांगायचा की आतून किती तापतो, किती लवकर तापतो. काका ऐकून घ्यायचे. मग विचारायचे, "अँड आउटसाइड?" पोरगा गोंधळायचा. हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसायचा. ठीकच असेल अशा अर्थाने तो म्हणायचा, "शुड बी स्वीट अ‍ॅज." काका म्हणायचे, "प्लग इट इन, प्लीज."

आणि खिशातून टूलरूमची तापमापक बंदूक काढायचे. साच्यांवर लाल ठिपका टाकून तापमान बघायची ती. मूठ, झाकण, कडा, पाय, वायर, सगळीकडे ठिपका टाकून आकडे वहीत लिहायचे. मी शेजारच्या फ्रिजकडे तोंड करून उभी राहायचे, यांची माझी ओळख नाही असं दाखवत. त्या दुकानात एक सामोअन बाई होती, ती मात्र शांतपणे सगळे ग्रिल लावून द्यायची. एकदा तिने विचारलं, कुणासाठी. काकांनी सांगितलं. ती म्हणाली, चौदा दिवसांत परत आणा, मी बघते काय ते.

पहिला झाकण दाबायचा नेला. तो तीन दिवसांत परत. झाकण बाहेरून नव्वद अंश, वहीत दोनदा अधोरेखित. शिवाय काकूंचंही मत पडलं होतं. "अहो, थालिपिठाला इस्त्री केलीत की." बोटाने भोकं पाडलेलं, मधे तेल सोडलेलं थालिपीठ त्या झाकणाखाली चपटं होऊन रेघारेघांचं निघालं होतं. मग तव्यासारखा उघडा नेला. तो बाहेरून बराच थंड, मुठी लाकडासारख्या. काकूही खूश, कारण अगदी तव्यासारखा.

मी एकदा गाडीत चिडले होते. "काका, तुम्हाला गार विस्तव पाहिजे. तो मिळत नाही कुठे. एक काहीतरी घ्या आणि सुटा."

ते म्हणाले, "मला दिवसभर तिथे उभं राहता आलं असतं तर कुठलाही चालला असता गं."

उघडा ग्रिल घेऊन सहा दिवस झाले असतील. माझ्या गाडीचं वॉरंट, म्हणजे तपासणीचा दाखला, संपत आलं होतं, म्हणून रजा घेऊन ती सँडरिंगहॅमच्या गॅरेजमध्ये तपासायला दिली आणि वेळ काढायला काकूंकडे गेले. काकू बारीक झाल्या होत्या, केस नुकते परत आलेले, पण जीभ शाबूत. "ये, आमच्या यांची ड्रायव्हर," म्हणाल्या आणि थालिपीठ थापायला घेतलं.

दहा वाजता फोन वाजला. काकूंनी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"हात बघितलेस?"

"बघितले."

"दोन्ही? मागूनपण?"

"हो हो. चहा घ्या, गार होतोय."

काकूंचे डोळे ग्रिलवर होते. हाताकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. फोन बंद झाला आणि त्यांनी थालिपिठाची कड तीन बोटांनी उचलली, उलटायला. चाळीस वर्षं उचलत आल्या तशीच. खालचा तवा तापून सणसणीत झालेला. बोटं किती वेळ टेकली ते मला कळलं, त्यांना नाही. मी हात धरून ओढला. मधल्या बोटावर कालचा फोड होता, हळद लावलेला.

"काकू, हे काय आहे?"

"सांगायचं नाही हं त्यांना. माझा स्वयंपाक बंद होईल तिथल्या तिथे. आधीच रात्र रात्र जागे असतात." आणि मला गरम थालिपीठ वाढलं, लोण्याचा गोळा ठेवून. मी ते खाल्लं. खाल्ल्यावर सांगता येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत काका कधी नव्हे ते मोकळे बोलत होते. "सात दिवस झाले. एकही चटका नाही. हाच ठेवू बहुतेक." त्या दिवशी हमरस्त्यावर मी वळण चुकले. मग रोज तेच. आठ दिवस, नऊ दिवस. सांगावं तर काकूंचं स्वयंपाकघर जाणार, न सांगावं तर बोटं. रात्री नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तू कशाला मधे पडतेस. मी पडलेच होते ना मधे.

बाराव्या दिवशी स्मोकोला काकांनी मला वही दाखवली. खाली एक नवा रकाना होता, "चटके". त्यात शून्य, शून्य, शून्य, ओळीने. मी दिवसभर डब्यांची जाडी मोजते. एखादा आकडा खोटा निघाला तर सबंध माल परत पाठवते, रडू दे कुणाला रडायचं ते. माझ्याच्याने राहवेना.

"काका, ही शून्यं खरी नाहीत."

मी सगळं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील, काकूंवर नाहीतर माझ्यावर. त्यांनी वहीवर हाताची उलटी बाजू ठेवली आणि विचारलं, "कुठली बोटं?"

मी माझी दाखवली, अंगठा आणि शेजारची दोन. कड कशी उचलली तेही दाखवलं. त्यांनी तशीच वहीची कड तीन बोटांनी उचलून पाहिली. "म्हणजे हात बाहेर लागतच नाही तिचा," ते म्हणाले. "मी दोन महिने बाहेरचंच मोजत बसलो. विचारायला हवं होतं, उलटावं लागतं का." मी पहिल्यांदाच त्यांना चहा ओतून दिला.

शनिवारी आम्ही उघडा परत केला आणि तोच पहिला, झाकण दाबायचा, पुन्हा घेतला. दोन्हीकडून एकदम भाजतो, उलटायला लागत नाही. सामोअन बाईने काही विचारलं नाही. नव्वद तापणाऱ्या झाकणावर काकांनी टूलरूममध्ये तारेची जाळी बनवून बसवली, मुठीला वीतभर लाकडी दांडा जोडला. थालिपीठ बेकिंग पेपरवर थापायचं, कागदासकट आत सरकवायचं, दांड्याने झाकण पाडायचं, ग्रिल बंद करून गार झाला की कागद ओढून घ्यायचा. स्वयंपाकघर काकूंकडेच राहिलं.

काकू माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. मग एक दिवस काकांनी डबा पुढे केला. आत रेघारेघांचं थालिपीठ, वर चिठ्ठी: "घे, इस्त्रीचं." त्या ग्रिलला भोकांची काही गरज नव्हती, तरी भोकं पाडलेली होती.

फक्त फोन बदलला. दहा वाजता आता व्हिडिओ. काकू दोन्ही हात समोर धरायच्या, आधी तळवे, मग उलटी बाजू. काका चष्मा वर करून एकेक बोट बघायचे. मग आपल्या डाव्या हाताची उलटी बाजू स्क्रीनवर, तिच्या बोटांवर ठेवायचे. तिला ते कळायचं कारण नव्हतं, यांनाही काचच लागत असणार. "अहो, हात काढा," काकू म्हणायच्या, "मला नुसता अंधार दिसतोय." मी शेजारीच बसलेली असायचे आणि बिस्किटाकडे बघायचे.

पुढे दोन वर्षांनी, हिवाळ्यातल्या एका सकाळी मी त्यांच्या दारात हॉर्न वाजवला आणि काकू एकट्याच बाहेर आल्या. काका पहाटे झोपेतच गेले होते. आम्ही सगळे काकूंची काळजी करत होतो. काकांच्या छातीला हात लावून बघायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

काकू वेलिंग्टनला गेल्या नाहीत. दहाचा फोन आता मी करते. स्क्रीनवर आधी पीठ दिसतं, मग हात. "दोन्ही?" मी विचारते. तळवे दाखवून होतात, मग उलटी बाजू. मी एकेक बोट बघते, हळदीचा पिवळा डाग कुठे आहे का तेही बघते. "मागूनपण ठीक आहे," म्हणते. तिथे फोन संपायला हरकत नसते. पण काकू हात खाली घेत नाहीत. बोटं स्क्रीनजवळ धरून थोडा वेळ तशाच थांबतात. तिथे काय करायचं असतं ते मला माहीत आहे, इतक्या वेळा शेजारी बसून पाहिलं आहे. माझा हात टेबलावरून उठतो आणि चहाच्या कपाकडे जातो.