चपलेचा वायसर

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत पंपाचा चामडी वायसर भिजवला आणि त्या वासासरशी सोलापूरचं आमचं अंगण आठवलं.

मॅट्रिकच्या वर्षी आमच्या नळाचा जोर एकाएकी गेला. आई लांबच्या विहिरीवरून घागरी आणू लागली. शेजारचे दत्तूकाका गिरणीत फिटर होते. नळ खोलून म्हणाले, "वायसर झिजलाय बग. चांगलं चामडं आण की." मी माझ्या नव्या चपलेची टाच कापून दिली. जोर आला नाही. "दुसरी बी आण," काका म्हणाले. तीही कापली. तरी जोर नाहीच.

मग मी पाइपाच्या मागानं काकांच्या परसात गेलो. तिथं धुण्याच्या दगडाआड आमच्याकडे येणाऱ्या पाइपाचा कॉक अर्धा बंद होता.

मागोमाग आलेल्या काकांना मी विचारलं, "काका, हे कुणी केलं?"

"आमच्या टाकीत पानी चढंना की रं."

"मग माझ्या चपला कशाला कापवल्या?"

मी कॉक उघडला. आमच्या अंगणात नळ धो धो वाहू लागला.

"लई उपकार झालं, भावजी!" आम्ही अंगणात परतलो तशी, काकांनीच नळ दुरुस्त केला असं समजून आई चहा घेऊन आली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. काकांनी मात्र तो चहा माझ्यासमोर बसून शांतपणे घेतला.