पलंगाखालचा पंप आणि सापुताऱ्याची फेरी

गाडीत पाण्याचा पंप कुठे बसवायचा हे मी तुम्हाला मागे एकदा सांगितलं होतं. विसरलात ना? मी अक्षरं शिकले नाही म्हणून सगळं डोक्यात ठेवते. तुम्ही अक्षरं शिकलात आणि डोकं रिकामं केलंत. तेव्हा आता नातीला लिहायला बसवलंय. या वेळी कागदावर राहू दे, तुमच्या भरवशावर नको.

आज तुम्ही अशा राहायच्या गाडीला कॅम्पर म्हणता. नव्वदच्या दशकात आमच्या लिंबायतमध्ये, लूमवाल्यांच्या वस्तीत, अशी गाडी आली तेव्हा गल्ली गोळा झाली होती. पलसाण्याच्या एका डाइंगवाल्या, म्हणजे कापड रंगवायचा कारखाना असलेल्या, शेठची जुनी मिनी बस. आत दोन पलंग, शेगडी, भांडी घासायला बेसिन, पाण्याची टाकी छतावर नाही, पलंगाखाली, आणि नळ उघडला की बॅटरीवर आपोआप चालणारा पंप. हे सगळं बसवलं माझ्या दिलीपने. तो पंधरा वर्षं लूमचा, म्हणजे कापड विणायच्या मागांचा, फिटर. डॉक्टरने सांगितलं होतं, लूमच्या खात्यातलं काम सोड, कानाला त्रास होईल. म्हणून त्याने जीव लावून ही गाडी केली होती.

शेठ गुजराती, आईला बा म्हणतो आणि झोपेला ऊंघ. तो म्हणाला, “मासी, दोन दिवस सापुतारा फिरून या. डिझेल माझं. परत आलात की माझी बा आत झोपून बघेल. तिची ऊंघ मोडली नाही तर दिलीप माझ्याकडे कायमचा ड्रायव्हर. मोडली तर हे सगळं उखडून मी गाडीत कापडाचे तागे भरीन.”

म्हणजे दिलीपने पुन्हा लूमवर जायचं. आणि फुकट डिझेल कोण देतो? मला शेठचा संशय आलाच होता. निघताना शोभाने, म्हणजे माझ्या सुनेने, हात धुवायला नळ उघडला आणि माझ्या बुडाखालून असा घर्रर्र आवाज आला की मी उठून उभी राहिले.

“दिलीप, हा काय आवाज?”

“कसाना आवाज?” पुढच्या आरशात माझं तोंड बघून तो म्हणाला. आमच्या अहिराणीत. घरात तीच चालते.

तिथून माझा संशय शेठवरून मुलावर आला.

सकाळी लवकर निघा, नाहीतर पलसाण्याला ट्रकांत अडकाल. तिथे काचा लावून घ्या, रंगाच्या पाण्याचा वास डोक्यात जातो. बारडोलीला उलटं करा. काचा उघडा, साखर कारखाना चालू असेल तर गूळ चुलीवर असल्यासारखी हवा असते. उसाच्या गाड्यांमागे मात्र घाई करू नका. बारडोलीत पात्रा, म्हणजे अळूवडी, खाल्ला, गरम, वरून तीळ. शोभाने ताटल्या धुतल्या, पंप पुन्हा ओरडला. दिलीपने पाना काढला, खाली वाकून बोल्ट आवळले, पंपावर हात ठेवला आणि म्हणाला, “झालं. हालत पण नाही.”

हालत नव्हता, खरं आहे. पण आवाज दुप्पट झाला होता. शोभा माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे.

व्याऱ्याच्या पुढे एक ट्रक मागे लागला. हॉर्नवर हॉर्न. आमचा दिलीप रस्त्याच्या मधोमध, शांत, पान खाल्ल्यासारखा.

“हट्टी आहेत,” शोभा म्हणाली. “घरी पण हाक मारली की ओ देत नाहीत.”

मी तिला विचारलं, “तोंडासमोर हाक मारतेस तेव्हा?”

“तेव्हा देतात.”

मग मी माझी काठी उचलली आणि त्याच्या खांद्याला टोचलं. त्याने आरशात बघितलं, दचकला आणि बाजू दिली. वघईपासून पुढे सागाचं जंगल सुंदर आहे म्हणतात. मी बघितलं नाही. मी सगळा घाट त्याच्या आरशाकडे बघत होते.

सापुताऱ्याला दुपारी तळ्याकाठी गाडी लावली. हॉटेलची खोली घ्यावी लागत नाही, हा या गाडीचा मोठा फायदा. शोभाने पिठलं केलं. बोटीत बसायला लोकांची रांग होती आणि आम्ही तिघं पलंगाखाली डोकं घालून बसलो होतो. दिलीप पाठमोरा, पुन्हा बोल्ट आवळत होता. मी मागून म्हणाले, “दिल्या, तुझ्या पाठीवर पाल आहे.”

लहानपणापासून पालीला घाबरतो. हलला नाही.

शोभाच्या हातातली ताटली थांबली. मी तिला खूण केली, नळ उघड. पंप सुरू झाला. दिलीपने लगेच पंपावर तळवा ठेवला आणि शोभाच्या तोंडाकडे बघितलं, आवाज कमी झाला का ते तिच्या तोंडावरून वाचायला.

ज्यांनी लूमचं खातं पाहिलं नाही त्यांना सांगते. आत गेलात की कानाचा काही उपयोग नसतो. माणसं ओठ बघून बोलतात, हातवारे करतात. फिटर मशीन ऐकत नाही, तळवा लावून बघतो. थरथर वाटली की बोल्ट आवळतो. लूम जमिनीत जितका घट्ट तितका चांगला. माझ्या मुलाने पंपही तसाच बसवला होता, पलंगाच्या फळीला घट्ट. पंप हलायचा नाही, फळीच ढोलासारखी वाजायची.

मी त्याचा हात पंपावरून उचलला आणि पलंगावर ठेवला, जिथे शेठच्या बाचं डोकं येणार तिथे. नळ चालूच होता. त्याने हात झटकन काढला, तव्यावरून काढावा तसा.

“इतका?”

“इतका. आणि ऐकायला केव्हापासून येत नाही?”

त्याने उठून नळ बंद केला. मग म्हणाला, “माय, शेठला सांगू नको.”

दुसऱ्या दिवशी उतरताना वघईला पंक्चरच्या दुकानाशी थांबलो. लिहून घ्या, हेच विसरता. पंप पलंगाखालून काढला आणि मागच्या दाराशी वेगळ्या छोट्या फळीवर ठेवला. शोभा म्हणाली, “मी मिक्सरखाली कापडाची घडी घालते, नाहीतर ओट्यावरची भांडी नाचतात.” तिचं ऐकून ट्रकच्या ट्यूबचे तुकडे कापून फळीच्या वर-खाली घातले. बोल्ट ढिले ठेवले. दिलीपला ते सहन होईना, दोनदा पाना उचलला, दोनदा मी हातावर चापट मारली. कडक पाइप गाडीच्या पत्र्याला टेकत होता, तिथे हातभर मऊ नळी जोडली आणि चिंध्या गुंडाळल्या. मग तो तळवा लावत गेला. पलंग, भिंत, फरशी, दार. जिथे थरथर लागली तिथे एक चिंधी. कान असलेल्या माणसाने इतकं बारीक काम केलं नसतं.

पलसाण्याला शेठची बा आत जाऊन आडवी झाली. दिलीपने नळ उघडला. बा डोळे मिटून पडली होती. थोड्या वेळाने वैतागून म्हणाली, “अरे, चालु तो कर!”

“बा, पाणी पडतंय,” शोभा म्हणाली.

शेठ हसला. खिशातून गाडीची किल्ली काढून दिलीपपुढे धरली. दिलीपने माझ्याकडे बघितलं. मला तो ट्रक आठवला आणि मागच्या पलंगावर बसलेली म्हातारी दिसली. त्या क्षणी ती मीही होते आणि बासुद्धा होती.

मी म्हणाले, “शेठ, गाड्या याच्याकडून करून घ्या. चालवायला दुसरा ठेवा. याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही.”

शेठची किल्ली खिशात गेली. दिलीप बाहेर जाऊन उभा राहिला. बा उठून बसली, माझ्याकडे बघत राहिली आणि मुलाला म्हणाली, की जी स्वतःच्या मुलाचं खोटं झाकत नाही तिचा मुलगा कामाला ठेव. शेठला ते किती पटलं कोण जाणे. पण ड्रायव्हर दुसरा आला आणि दिलीप डाइंगमध्ये पंप आणि पाइपच्या कामावर लागला. लूमवर परत गेला नाही.

माझ्याशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी शोभाला म्हणाला, मायला विचार चहा घेते का. मी समोरच बसले होते.

उजवा कान पुरता गेला, डाव्याने मात्र आजही थोडं ऐकू येतं. ऐकायचं मशीन लावतो, काढून ठेवतो, शोधत बसतो. मी अजून अधूनमधून मागून काहीतरी बोलून बघते. तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देत नसेल तर भांडायच्या आधी पाठीमागून बोलून बघा.

आणि तुमची गाडी शांत झाली तर मला बिबड्या पाठवा. बिबड्या म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, जरा जाड, कच्चे. तळून पाठवू नका, वाटेत चुरा होतो. मी इथे तळीन आणि दिलीपच्या डाव्या कानाशी बसून खाईन. बिबड्या चावतानाची कुरकुर त्याला ऐकू येते.