शिंगांवरची वळी

एरंडेलाचा वास आला की सुरतेतली आमची म्हातारी गाय आठवते. एकोणीसशे साठच्या दशकात उधन्याच्या गिरण्यांमागे शेतंच होती, त्यात आमचाही गोठा होता. दहा वेतं होऊन ती पुन्हा गाभण होती, पण दूध तांब्याभरावर आलं होतं. माझे धाकटे दीर सभांतून गोमातेवर भाषणं करत. मला म्हणाले होते, "वहिनी, ती इथेच डोळे मिटेल." वसुबारसेच्या आदल्या दिवशी ते कानशीने तिची शिंगं घासत बसले. दर वेताला शिंगावर एक वळं उमटतं आणि त्यावरून गिऱ्हाईक वय मोजतं, हे मला ठाऊक नव्हतं. पूजेची तयारी समजून मीच शिंगांना चोळायला एरंडेल दिलं आणि म्हटलं, "भाऊजी, भाषणापेक्षा हे शोभतं तुम्हाला." ते नुसते हसले. सकाळी मी पेंड घेऊन गेले तर दावं रिकामं. "बारडोलीला दिली," भाऊजी म्हणाले, "चौथ्या वेताची सांगून." "आणि त्यांना खरं कळल्यावर तिचं काय?" "ते आता त्यांनी बघायचं." संध्याकाळी त्यांनी पूजेसाठी शेजाऱ्यांची गाय मागून आणली, तिला वाकून नमस्कार केला. मीही मुकाट्याने ओवाळलं, आणि इतक्या वर्षांनी त्याचाच राग सर्वांत जास्त येतो.