जंत, औषध आणि शेवंताकाकी

शेवंताकाकी गेल्याचं मला कॉलेजात कळलं. तिच्या मुलाचा, सुहासदादाचा फोन आला. "आई गेली गो." मी प्रयोगशाळेत होते. हातमोजे काढले आणि लालबागला आमच्या चाळीत आले. त्याला आता दीड महिना होईल. असं काही लिहायची मला सवय नाही...

काकी आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. दर रविवारी मजल्यावरच्या पोरांना ओळीने उभं करून कडू किराइताचा काढा पाजायची. त्याने पोटातले जंत मरतात, असं तिचं म्हणणं. थुंकलं तर दुसरा पेला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्याचं श्रेयही ती काढ्यालाच द्यायची.

तिला आतड्याचा कर्करोग झाला. परळच्या इस्पितळात केमो सुरू होती. एकदा तिच्याजवळ बसून मी वर्गात ऐकलेलं सांगितलं. काही परजीवी शरीरात शिरले की सुस्तावलेल्या संरक्षक पेशी जाग्या होतात आणि कर्करोगाच्या गाठीवरही तुटून पडतात. उंदरांमध्ये हे दिसलंय. अशा परजीवींना दुबळं करून औषध बनेल का, ते शास्त्रज्ञ शोधताहेत. काकी खूप हसली. "मियां जलमभर जंत मारलंय, आणि आता तेच माका वाचवतले?"

त्या रविवारी पोरं ओळीत उभी राहिली, पण काढा नव्हता. "ऱ्हवांदेत थोडे जंत. कामाक येतीत," काकी म्हणाली. पोरं उड्या मारत पळाली. मीही हसले. संध्याकाळी सुहासदादा दारात आला. "आई उद्या केमोला येत नाही म्हणते. तुझं ते औषध येईपर्यंत थांबणार. आता तूच सांग तिला."

मी गेले. ते परजीवी वेगळे, पोरांच्या पोटातले जंत नव्हेत, सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "माका गावतला काय गो ता औषद?"

"नाही काकी... वर्षं लागतील. तुला नाही मिळणार."

"बरा झाला सांगलंस. सगळे माका पोरासारख्या फसवतत."

दुसऱ्या दिवशी ती परळला गेली. त्या उपचारांनी तिला आणखी एक गणपती दाखवला.

तिच्या दाराबाहेरच्या बाकावर मी आता अभ्यासाला बसते. नवं काही वाचलं की आधी हळू आवाजात काकीच्या मालवणीत तिलाच सांगून बघते. ते औषध कुणाला मिळणार, कधी मिळणार, हे सांगता आलं नाही, तर मला ते परीक्षेपुरतंच आलं असेल... काकीला पुरलं नसतं.