गाळलेले भूकंप

दत्ता गेल्याचा फोन त्याच्या बहिणीचा, लताचा आला. "दादा सकाळी उठलाच न्हाय गं," एवढंच बोलली. आमच्या दोघांच्या ऑफिसात मी त्याचा चहा सांगून बसले होते. चहा आला, निवला...

इमारत भूकंपात टिकेल का, हे तपासणं आमचं काम. कुठल्या तरी भूकंपांच्या खऱ्या नोंदी घ्यायच्या, नियमांनी आपल्या गावासाठी ठरवलेल्या जोराला बसतील अशा गुणून लहानमोठ्या करायच्या आणि संगणकात इमारत त्यांच्यावर हलवून बघायची. दत्ता त्यात भलताच चिवट. किल्लारीच्या पहाटे चिमुरड्या लताला कडेवर घेऊन तो जिना उतरला होता. ती पहाट त्याच्या अंगातून गेलीच नाही.

लता नवी पेठेत राहते. खाली दुकानं, वर घरं. सोसायटीला आणखी एक मजला चढवायचा होता, तपासणी दत्ताकडे आली. बऱ्याच नोंदींत इमारत उभी राहिली. दोन नोंदींत तळाचे खांब मोडले. खांब जाड करा, तोवर दुकानं बंद ठेवा, म्हणाला. दुकानदार कशाला ऐकतायत! सोसायटीनं गाठलेल्या दुसऱ्या इंजिनिअरनं त्या दोन नोंदी गाळल्या, त्यांच्या जागी मवाळ घेतल्या. सरासरी बसली, सगळं कागदोपत्री नियमात. मजला चढला.

दत्ता लताकडे गेला तेव्हा मी बरोबर होते.

"हे घर सोड. माझ्याकडं चल राहायला."

"सगळी राहत्यात की हितं, दादा. तूच एकटा लई शहाणा व्हय?"

जिना उतरताना तो म्हणाला, "अगं, आपल्याला गाळलंय हे भूकंपाला कुठं माहीत असतं..."

मग त्यानं अर्ज केले, खेटे घातले. कुणी दाद दिली नाही. कशाला डोकं फोडून घेतोस, म्हणून मी चिडायचे. आता चिडते ती तो मेला म्हणून. माझं तर कोण ऐकणार?

तेराव्याचं जेवण त्याच नव्या मजल्यावर होतं. खाली एका दुकानदारानं शटरसाठी खांब कोरला होता, आतली सळई दिसत होती. कुठल्याही इमारतीत शिरताना खांबावर तळहात टेकवायची दत्ताची सवय. मला घ्यायला खाली आलेल्या लतानं त्याच खांबावर हात ठेवला. डोळे भरून आले तिचे.

"दादा असाच हात ठिवायचा बघ," म्हणाली. "चल वर, पंगत बसलीय."