दादासाठी अंथरलेलं पोतं

जनरेटरचा धूर नाकात गेला की लाखांदूरची ती उन्हानं भेगाळलेली धानाची बांधी आठवते. घरी भांडून गेलेला दादा ज्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, तो ऑर्केस्ट्रा तिथं आला होता. बाबांनी उन्हातच जाऊन दोन पोती अंथरली, एक आम्हा दोघांना, एक कार्यक्रमानंतर दादाला. दिवे लागले, तर गिटारवर दुसराच पोरगा. बाबा मंचामागं जाऊन विचारून आले. "होळीलेच सोडून गेला म्हनते. कुठी, कोनाले मालूम नाही." तेवढ्यात उभ्या गर्दीतल्या एकानं विचारलं, "इथं कोनी हाये का जी?" बाबांनी रिकाम्या पोत्यावर हात ठेवला. "हाये. येऊन राहिला." बाबांच्या तेरवीला पंगतीत शेजारची रिकामी पत्रावळ मी हातानं अडवून ठेवली, आणि विचारणाऱ्याला तेच सांगितलं.