सतरा नंबरच्या तीन गोळ्या

सत्तरच्या दशकाच्या शेवटी माझी बदली नाशिकजवळच्या छावणीतल्या लष्करी रुग्णालयात झाली. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. माझ्याकडे चोवीस खाटांचा मेडिकल वॉर्ड होता.

काम ठरलेलं. सात वाजता नर्सिंग असिस्टंट खाटांच्या नंबरप्रमाणे औषधांचे छोटे पेले ट्रेमध्ये मांडायचा. साडेसातला मी फेरीला निघायची. नियम असा, की प्रत्येक खाटेपाशी नाव विचारायचं, चार्ट पाहायचा, मगच गोळ्या द्यायच्या.

त्या दिवशी अकरा वाजता एक ब्रिगेडियर इन्स्पेक्शनला येणार होते. आठवडाभर आम्ही आजारी माणसांपेक्षा दारांच्या पितळी मुठींकडे जास्त पाहिलं. दोरी लावून खाटांची रांग सरळ केली. ओकारीची भांडी कपाटात लपवली. ती तिथेच आंबत होती. ७.२० ला, ट्रे मांडून झाल्यावर, इन्स्पेक्शनची तयारी बघणारे सुभेदार आत आले.

"सिस्टर, दाराशी हा पिवळा कशाला ठेवलाय?"

"कावीळ आहे, साहेब. पिवळाच दिसणार."

"मागे टाका त्याला. सतरा नंबरचा हवालदार पुढे घ्या. काय मिशा आहेत! पोस्टरवर छापाव्यात अशा."

माणसं हलली. पेले आणि चार्ट जागेवरच राहिले. काविळीचा सिपाही दगा अहिरे, सटाण्याकडचा, वय बावीस, सतरा नंबरवर गेला. मिशीवाल्या हवालदाराला मधुमेह होता. हे सगळं होताना मी तिथेच उभी होते.

फेरी आठच्या आत संपवायचा हुकूम होता. मी नाव विचारलं नाही. चार्ट पाहिला नाही. पेला पुढे केला.

दगा म्हणाला, "सिस्टर, काल दोन व्हत्यात. आज तीन शेतस."

"डॉक्टरांनी वाढवल्या असतील. घे."

"जी, सिस्टर."

पाठ ताठ करून त्याने तिन्ही गिळल्या. वर्दीत आम्ही माणसाला हेच शिकवतो. हवालदाराला दगाच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या. त्याला काही झालं नाही.

दगाला दोन दिवस अन्न जात नव्हतं. त्यात साखर उतरवणाऱ्या गोळ्या. १०.४० ला शेजारचा जवान ओरडला, "हा थरथरतोय!" सुभेदारांनी दगाची चादर गळ्यापर्यंत ओढून ताणली. "हलू नकोस. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

११.१० ला ब्रिगेडियर त्याच्यासमोर थांबले. "कैसे हो, जवान?"

"सो रहा है, सर," सुभेदार म्हणाले.

मी दोन पावलं मागे होते. उशी घामाने भिजलेली मला दिसली. तरी मी रांग मोडली नाही.

११.३५ ला पाहुणे गेले. मी धावले. दगा बेशुद्ध होता. मेडिकल ऑफिसर आले.

"काय दिलंय याला?"

"सतरा नंबरचं, सर."

"आणि हा कोण आहे?"

मी सांगितलं. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. दगा शुद्धीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी १६.१५ ला गेला.

इन्स्पेक्शनच्या अहवालात लिहिलं होतं, 'वॉर्ड अत्यंत नीटनेटका.' चौकशी झाली. मला लेखी ताकीद मिळाली. ती कमीच होती. सुभेदारांना काही झालं नाही.

तुम्ही नागरिक आहात, तुम्हाला हुकूम पाळायचा नाही. गोळ्यांची संख्या किंवा रंग बदललेला दिसला, तर गिळू नका. देणाऱ्याला कागद उघडायला लावा. तो चिडला तर चिडू द्या.

पुढच्या रजेत मी दगाच्या गावी गेले. शाळेच्या भिंतीवर हुतात्म्यांच्या नावांची दगडी पाटी आहे. दगाचं नाव तिथे नाही. खाटेवर मेलेल्याला तिथे जागा नसते. त्याचे वडील घरीच भेटले.

"फौजना पत्रमा कावीळ लिखेल व्हतं," ते म्हणाले. "खरं शे ना, बाई?"

मी म्हटलं, नाही. गोळ्या दुसऱ्याच्या होत्या, त्याने मला विचारलं होतं आणि तरी मी त्या दिल्या, हेही सांगितलं.

त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. योग्य केलं.